पंखाचा बोल्ट आणि १५ मायक्रॉनचा हिशेब: घरी विमान बनवताना होलचं माप एवढं महत्त्वाचं का?

हातकणंगले : शिरोली किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारागिराला विचारा, ड्रिलनंतर रीमर का फिरवायचा? उत्तर लगेच मिळेल: ड्रिलचं होल खडबडीत असतं आणि किंचित मोठं पडतं. पंपाच्या भागात ही चूक झाली तर माल रिजेक्ट होतो. विमानाच्या पंखात झाली तर जीव जाऊ शकतो.

घरी विमान बनतं का?

बनतं. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. २०१७ मध्ये डीजीसीएची नोंदणी मिळाली, तर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी.

स्पार म्हणजे काय?

स्पार म्हणजे पंखातली मुख्य तुळई. ६०० किलोच्या विमानाने ३.८ जी इतका भार घेतला, तर पंखांवर सुमारे २,२८० किलोचा भार येतो. तो स्पारमधून मोजक्या बोल्टमार्फत विमानाच्या सांगाड्यात उतरतो.

होल ढिलं असेल तर?

चार बोल्टपैकी एकच घट्ट बसला असेल, तर आधी सगळा भार त्याच्यावर येतो. बाकीचे नुसते बघे! प्रत्येक झटक्याला ढिला बोल्ट किंचित हलतो, होल लांबट होत जातं आणि कडेला बारीक तडा सुरू होतो.

मग किती घट्ट?

अमेरिकेच्या एफएएच्या दुरुस्तीविषयक मार्गदर्शिकेत ‘हलक्या ठोक्याने बसणारी फिट’ सांगितली आहे. ५/८ इंची, म्हणजे आपल्याकडच्या पाच सूती बोल्टसाठी, बोल्ट होलपेक्षा ०.०००६ इंच जाड हवा. म्हणजे फक्त १५ मायक्रॉन. जिथे डिझाइनमध्ये अशी फिट मागितली आहे, तिथे होल आधी थोडं लहान पाडतात, दोन्ही भाग एकत्र आवळतात आणि मग रीमर फिरवतात. बोल्टही मायक्रोमीटरने मोजून घेतात. जबरदस्तीने ठोकला तर होल ओरबाडलं जातं, तेही धोक्याचंच.

होल मोठं झालं तर?

डिझाइनला मान्य असेल तर पुढच्या साइजचा बोल्ट घालता येतो. पण होलच्या मध्यापासून कडेपर्यंत साधारण बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट अंतर लागतं. पाच सूतीला सुमारे ३२ मिमी, सहा सूतीला ३८ मिमी. कडेला ३५ मिमीच धातू असेल, तर तो भाग बाद करावा लागतो.

इथेच बांधणाऱ्याची परीक्षा असते. महिनोन्‌महिने राबून केलेला स्पार टाकून द्यायला मन धजत नाही. एकदा बोल्ट आत गेला की होल कुणालाच दिसत नाही. म्हणून बोल्ट बसवण्याआधीच माप घ्यायचं, फोटो काढायचा आणि वहीत नोंद करायची.