जपानी वार आणि तारखा

श्रोतेहो, ज्यास साताऱ्याच्या मंगळवार, शुक्रवार, शनिवार या पेठा ठाऊक, त्यास जपानी वार जड जाऊ नयेत. मंगळास तिकडे अग्नितारा म्हणतात, म्हणून मंगळवार तो ‘कायोबी’, अग्नीचा वार. भारतीय ज्योतिषातील ही वारगणना अमोघवज्राच्या चिनी ग्रंथातून, भिक्षू कूकाई ८०६ साली चीनहून परतले तेव्हा, जपानात पोचली. महिन्यांस आज केवळ अंक. जानेवारी ‘इचिगात्सु’, पहिला महिना.

खरी कसोटी तारखांची. चार तारीख ‘योक्का’, आठ तारीख ‘योऽका’! सांगली-साताऱ्याहून नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्या मुलाने येथे ‘क’चे द्वित्व व ‘ओ’चे लांबणे न पाळल्यास मुलाखतीचा दिवसच हुकावयाचा. अकरापासून अंकापुढे ‘निची’ लागते. १४, २० व २४ हे अपवाद मात्र मुकाट्याने पाठ करावेत.