चाकांवरचे घर घेताना गादीआधी आरसी बुक पाहा

पावसाळा सरला की हरमल-मोरजीपासून पाळोळेपर्यंतच्या किनारी गावांत परराज्यांच्या, क्वचित परदेशी क्रमांकाच्याही राहत्या व्हॅन उभ्या दिसतात. मागच्या दारातून डोकावणारी गादी, छोटी शेगडी, काचेवरचा पडदा पाहून अनेक गोमंतकीय कुटुंबांच्या मनात एकच विचार येतो. हॉटेलचे भाडे वाचेल आणि मुलाबाळांसह हंपी, बदामी, पंढरपूर असे हवे तिथे थांबत जाता येईल. कारखान्यातून सज्ज होऊन येणारी नवी कॅराव्हॅन सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची असते. त्यामुळे शोध सुरू होतो तो वापरलेल्या गाडीचा, आणि तिथे 'पूर्ण सज्ज कॅम्पर, तातडीने विकणे आहे' अशी जाहिरात हमखास भेटते. लाकडी कपाटे, सिंक, दिवे, पंखे सारे काही जागच्या जागी असते आणि किंमत मात्र साध्या व्हॅनपेक्षा थोडीच अधिक.

ही किंमत इतकी कमी का, याचे उत्तर गाडीत नव्हे तर आरसी बुकात सापडते. अशा अनेक गाड्या कागदोपत्री मालवाहू व्हॅन, मॅक्सी कॅब किंवा रुग्णवाहिका म्हणून नोंदलेल्या असतात. कोणा हौशी मालकाने गॅरेजमध्ये आसने काढून पलंग बसवलेला असतो, छताला भोक पाडून झरोका केलेला असतो. नोंदणी मात्र जुनीच राहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच आशयाचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या १८२-अ या कलमाखाली अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंड एक वेळ भरता येईल. खरा धोका अपघातानंतर उद्भवतो. गाडी एक आणि कागद दुसरा असला की दाव्यावर हरकत घेण्यास विमा कंपनीला आयते कारण मिळते, आणि आयुष्याची पुंजी घालून घेतलेली गाडी दुरुस्तीविना अंगणात उभी राहते.

राहती गाडी बाळगणे बेकायदा आहे, असा याचा अर्थ नव्हे. आपल्याकडे मोटार कॅराव्हॅन हा मान्यताप्राप्त प्रकार असून त्यासाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. बसण्याची आसने व मेज, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा या त्याच्या किमान अटी. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांत गणली आहे. तेव्हा सज्ज गाडी घ्यायचीच असेल तर आरसीत वाहनाचा वर्ग आणि बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे, आसनसंख्या किती, हे आधी वाचावे. 'नोंदणी नंतर बदलून देतो' या आश्वासनावर टोकन देणे म्हणजे विक्रेत्याने टाळलेले काम स्वतःच्या खर्चाने विकत घेणे होय.

हात आखडता असलेल्यांसाठी खरा सुज्ञ मार्ग दिसायला साधा आहे. खासगी नोंदणीची, इंजिन व पत्रा ठणठणीत असलेली व्हॅन घ्यावी आणि झोपण्या-रांधण्याची सोय काढ-घाल करता येईल अशी ठेवावी. आसने न काढता मागच्या सामानाच्या जागेत मावणारी आणि मुक्कामी उघडणारी घडीची फळी, दोन पेट्या, एक गुंडाळती गादी एवढ्याने दोघांचा मुक्काम निभावतो. मुलांसाठी बाजूला छोटा तंबू लावता येतो. मारुतीची ओम्नी या कामी वर्षानुवर्षे वापरली गेली. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, त्यामुळे आता मिळणाऱ्या ओम्नीचे वय आधी मोजावे लागते. २०१० पासून विकली जाणारी ईको त्या मानाने अधिक व्यवहार्य. मात्र ईकोची मालवाहू आवृत्ती स्वस्त दिसली तरी मोहात पडू नये; तिच्या मागच्या भागात कुटुंबाला बसवून नेता येत नाही. मोठ्या कुटुंबाला ट्रॅव्हलर खुणावते, पण अशा बहुतेक गाड्या पर्यटक वाहतुकीतून येतात. परमिट रद्द करणे, खासगी नोंदणीत रूपांतर, त्यावरचा कर, हे सारे सोपस्कार व्यवहाराआधी पूर्ण झालेले हवेत. 'रेंट-अ-कॅब'च्या काळ्या पाटीच्या गाड्यांनाही हेच लागू.

गाडी पाहायला जाताना ओळखीचा मेकॅनिक सोबत असावा आणि वेळ सकाळची असावी. इंजिन थंड असताना सुरू करून पाहिले पाहिजे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले रोग लपवते. गोव्यात सर्वांत मोठा शत्रू गंज. खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी किनाऱ्याजवळच्या गाडीचा तळ आतून पोखरलेला असतो, वर रंग मात्र चकचकीत. गाडी रॅम्पवर चढवून चॅसी, दारांखालच्या पट्ट्या, स्प्रिंग जिथे बसते ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावी. घन आवाजाऐवजी बद्द आवाज आला, की तिथे पुट्टी भरली आहे असे समजावे. सज्ज कॅम्परमध्ये लाकडी तळाखाली काय आहे ते दिसतच नाही. फळी उचलू देण्यास विक्रेता नकार देत असेल, तर पुढे पाहण्याचे कारण नाही.

दुसरी भीती पुराच्या पाण्याची. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड आणि आपल्याकडे सत्तरी-डिचोली या भागांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. धुऊनपुसून अशी गाडी पुन्हा बाजारात येऊ शकते. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला गाळाची रेघ सहसा राहून जाते. आसनाखालच्या स्प्रिंगांवरचा गंज, डॅशबोर्डमागच्या तारांवरची माती, दिव्यांच्या काचेआडचे धुके या खुणा एकत्र दिसल्या तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नये. टायरवरचे चार आकडी अंकही वाचावेत. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर भाराखाली फुटते. शेवटी चाचणी सपाट महामार्गावर नव्हे, तर चोर्ला किंवा अनमोड घाटात घ्यावी, तीही चार माणसे बसवून. क्लच घसरतो का, तापमानाचा काटा चढतो का, उतरणीवर ब्रेक एका बाजूला ओढतात का, हे तिथे अर्ध्या तासात कळते.

गाडी बेळगाव, कोल्हापूर वा पुण्याहून आणायची तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८ लागते. हस्तांतरासाठी २९ व ३०, आणि कर्ज फिटलेले असल्यास वित्तसंस्थेचा फॉर्म ३५. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर गोव्याचा क्रमांक घ्यावाच लागतो, आणि त्यासोबत येथील रस्ता कर येतो. हा आकडा वाहतूक खात्याच्या कार्यालयात विचारून सौद्यात धरावा. मूळ राज्याकडून कराचा परतावा मिळेल, या भरवशावर अंदाजपत्रक आखू नये. दिल्ली परिसरातील जुन्या डिझेल गाड्या तिथल्या वयोमर्यादेच्या निर्बंधांमुळे स्वस्त सुटतात, पण नोंदणीचे बहुतेक आयुष्य संपलेले असते. खासगी नोंदणी पंधरा वर्षांची. त्यातली बारा गेली असतील तर आपण तीनच वर्षे विकत घेत आहोत. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढेल.

एकूण पुंजीचा तिसरा हिस्सा तरी गाडी घेतल्यानंतरच्या खर्चासाठी बाजूला असावा. टायर, बॅटरी, ब्रेक, कूलंटचे पाइप यांचे बिल पहिल्या सहा महिन्यांतच येते. अंतर्गत सजावटीत मात्र काटकसर शोभते. शंभर ॲम्पिअर-तासांच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत कागदोपत्री १,२०० वॅट-तास वीज मावते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिला मारक, म्हणून हाती उरतात ६००. दोन छोटे पंखे, दिवे आणि मोबाइल मिळून ५० वॅट धरले तर बारा तास निघतात. हजार वॅटचा एसी त्यावर जेमतेम अर्धा तास चालेल. जाहिरातीतल्या 'एसी बेडरूम'चे रहस्य हेच. वजनाचाही हिशेब हवा. अठरा मिलिमीटर प्लायवूडची एक पूर्ण फळी तीस किलोंहून जड, बॅटरी जवळपास तेवढीच आणि साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. चार माणसे बसल्यावर छोट्या व्हॅनला एवढे ओझे पेलवत नाही.

गॅसची शेगडी आत पेटवूच नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी साचतो आणि वरची खिडकी उघडी असून उपयोग होत नाही. मागचे दार उघडून बाहेर रांधावे हे बरे, पण तेही कुठे, हे पाहावे लागते. गोव्याच्या २००१ च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने किनारे व पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे दंडनीय ठरवले आहे. मुक्काम त्यामुळे परवानगी घेऊन एखाद्या ओळखीच्या अंगणात, मंदिराच्या अग्रशाळेजवळ किंवा कुळागरात करावा, जिथे पाणी आणि शौचालय मिळेल. या दोन गोष्टींची सोय बजेटमधल्या कोणत्याही व्हॅनमध्ये धड होत नाही.