माळ, नांगर आणि वाइन : पलूसचे कारखाने

सुरुवात : बेळगावातले 1888चे सायकलचे दुकान. पुढे तिथेच लक्ष्मणराव किर्लोस्करांचा (1869–1956) लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत; पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

वाडी : बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळ दिला. 1910मध्ये निवडुंग तोडून तिथे कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी राहिली. कुंडल तेव्हा औंध संस्थानात. स्टेशनाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. कारखान्यावरून स्टेशन, उलटे नव्हे.

माल : नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, चरक, मग पंप. आज वाडीची ओळख पंपांचीच.

छापखाना : ‘किर्लोस्कर’ (1920), ‘स्त्री’ (1930), ‘मनोहर’ (1934). ओतशाळेच्या गावातून मासिके!

फरक लक्षात ठेवा : सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी ही एका कंपनीची वसाहत. पलूस एमआयडीसी ही सरकारी महामंडळाची. 1962मध्ये स्थापन झालेले हे महामंडळ जमीन संपादन करते, रस्ते आणि पाणी देते, भूखंड साधारण 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते.

वाइन पार्क : राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001चे. त्यानंतर दोन वाइन पार्क आखले गेले : नाशिक जिल्ह्यात विंचूरला गोदावरी, पलूसला कृष्णा.

तालुका : पलूस पूर्वी तासगाव तालुक्यात होते.