तसबिरीची पाठ कोण पाहतो?

रमजानचे शेवटचे दिवस जवळ आले की घराघरांत साफसफाई निघते. भिंतींना रंग लागतो, पडदे धुतले जातात आणि वर्षभर टांगलेल्या तसबिरी खाली उतरतात. मग लक्षात येते की आयतीचा कागद पिवळा पडला आहे, आजोबांच्या फोटोवर बुरशीचे ठिपके आले आहेत, मक्का-मदिनेच्या चित्राची चौकट कोपऱ्यात उघडली आहे. ईदपूर्वी काम व्हावे म्हणून पावले फ्रेमवाल्याच्या दुकानाकडे वळतात. पुण्यातल्या पेठा असोत की कॅम्प, या दुकानांत काबा, गणपती, शिवाजी महाराज आणि कुणाच्या तरी लग्नाचा फोटो एकाच भिंतीवर आपापल्या मालकाची वाट पाहत असतात.

'तसबीर' हा शब्द मूळचा अरबी 'तस्वीर'. अर्थ चित्र. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि काच-चौकटीसह भिंतीवर लावलेले चित्र या अर्थाने रुळला. चित्रे सामान्यांच्या घरात आणण्यात पुण्याचा वाटा मोठा. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1878 मध्ये येथे चित्रशाळा सुरू केली. तिने देवादिकांची आणि ऐतिहासिक व्यक्तींची रंगीत चित्रे छापली. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. ज्यांना तैलचित्र कधीच परवडले नसते, त्यांच्या भिंतीवरही लक्ष्मी-सरस्वती आल्या.

अशी जुनी चित्रे आज फ्रेम बदलायला येतात, तेव्हा बहुतेकांची दुखापत पाठीमागून झालेली असते. पूर्वी चित्र थेट प्लायवूडवर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवून टाकत. लाकडातले आणि हलक्या पुठ्ठ्यातले आम्ल हळूहळू कागदात उतरते. कागद तपकिरी होतो, कडा ठिसूळ होतात. डिंक किंवा फेव्हिकॉल घट्ट बसला असेल, तर चित्र फाडल्याशिवाय सुटत नाही.

दुसरा शत्रू ओल. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांत घरे बुडाली. भिंतीवरच्या तसबिरींनाही ते पाणी चुकले नाही. पण पूर यावाच लागतो असे नाही. दर पावसाळ्यात ओलसर भिंत तेच काम थोडे थोडे करते. फोटो काचेला टेकलेला असेल, तर दमट हवेने त्याचा वरचा थर काचेलाच चिकटतो. असा फोटो घरी ओढून काढू नये. आधी काचेसकट त्याची प्रत काढून घ्यावी.

म्हणून चांगला कारागीर चित्राभोवती माउंट बसवतो. ती रुंद कड शोभेची वाटते, पण तिचे खरे काम चित्र आणि काच यांच्यात हवेची जागा ठेवणे. माउंट आणि मागचा बोर्ड आम्लरहित मागून घ्यावा. चित्र पूर्ण न चिकटवता वरच्या कडेला पातळ, मजबूत कागदाच्या दोन पट्ट्या खळीने लावून टांगावे. खळ पाण्याने सुटते. जरीकाम असेल, तर कापड लावलेल्या बोर्डावर सुती दोऱ्याने टाके घालावेत आणि खोल चौकट घ्यावी. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला सहसा काच लागत नाही.

चौकटीचेही तसेच. सागवानाला वाळवी सहजी लागत नाही. एमडीएफ ओलीने फुगते. फायबरची पट्टी पाण्याला दाद देत नाही, पण मोठ्या, जड काचेखाली तिचे सांधे उघडतात. खरा सोनेरी वर्ख वर्षानुवर्षे टिकतो, सोनेरी भुकटीचा रंग काळवंडतो. चार कोपऱ्यांसाठी पट्टीवर 45 अंशांचे आठ काप घ्यावे लागतात. प्रत्येक काप अर्धा अंश एकाच बाजूला चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट पडते. शेवटी पाठ खाकी कागदाने बंद केली की धूळ आणि कसर आत शिरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या चकत्या लावल्या की भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळतो. समोरून थेट ऊन येणारी भिंत मात्र टाळावी.

यातले बरेचसे ग्राहकाला दिसत नाही. तो पट्टीचा रंग पाहतो, काचेची चमक पाहतो, पैसे देतो आणि जातो. मागे काय घातले, हे कारागिरालाच ठाऊक. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या वस्तूला इस्लाममध्ये अमानत म्हणतात. ती आहे तशी परत करणे हे कर्तव्य. फ्रेमवाल्याच्या हाती आलेला आजोबांचा एकुलता एक फोटो अमानतच असतो, मग तो कोणत्याही घरातला असो. उद्या इजा न होता सुटेल असेच आज बसवायचे, हा या धंद्यातला नियम त्या शब्दाच्या किती जवळचा आहे!

रोजाही असाच. तो खरोखर पाळला की नाही, हे पाळणारा आणि अल्लाह, दोघांनाच माहीत.

ईदसाठी नवी तसबीर आणायला जाल, तेव्हा आधी ती उलटी करून पाहा. पाठ नीट असेल, तर समोरचे चित्र नातवंडेही पाहतील.