गाडी खाली बसवताना

रस्त्याला चिकटून चालणारी गाडी देखणी दिसते, यात वाद नाही. शर्यतीच्या मोटारी पाहून लागलेली ही हौस आता परभणीतही आली आहे. खरी जुनी स्पोर्ट्स मोटार आपल्याकडे कुणाजवळ असणार? तेव्हा हौस भागवली जाते ती कुर्ल्याला तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीवर, म्हणजे आपल्या फियाटवर. हे अगदीच वावगे नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा त्यांत फियाट असायचीच. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली; आता ही गाडी हौशी माणसांचीच उरली. माझा धंदा गॅरेजचा. ‘काका, गाडी दोन इंच खाली घ्या,’ असे म्हणत तरुण मुले येतात. त्यांना सांगतो तेच आपल्यालाही सांगतो.

आधी फायदा. वळणावर आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो किती जाईल, हे गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर ठरते. समजा हा मध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि तो ५ सेंटिमीटर खाली आणला, तर भाराची ही सरकासरक अकराव्या हिश्श्याने कमी होते. गाडी वळण घट्ट पकडते. पण हे सपाट धावपट्टीवर.

पद्मिनीला पुढे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गोल स्प्रिंगा आहेत आणि मागे सलग एक्सलखाली कमानपाटे. खड्डा किंवा उंचवटा आला की चाक वर जाते आणि शेवटी रबरी गुटक्याला टेकते. या दोहोंमधली जागा हीच गाडीची खरी पुंजी. ती सात सेंटिमीटर असेल आणि तुम्ही गाडी पाच सेंटिमीटर उतरवली, तर उरली दोन. म्हणजे कमी झाली ती नुसती उंची नव्हे, चाकाची हालचाल. मग प्रत्येक हादरा थेट बॉडीला आणि बसणाऱ्याच्या पाठीला.

सर्वांत वाईट म्हणजे स्प्रिंग गॅसने कापणे. पाच मिनिटांचे, स्वस्तातले काम, म्हणून सर्रास होते. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात ठरावीक पाणी दिलेले असते. ज्योतीच्या आचेने ते तिथे उतरते आणि पुढे तिथूनच स्प्रिंग तुटू शकते. शिवाय आठ वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते, पण शॉकअप जुनाच राहतो आणि गाडी उड्या मारते. तिसरी गोष्ट जिवावरची. आखूड झालेली स्प्रिंग चाक खाली लोंबले की सैल पडते. बाहेरून कापून आलेली एक गाडी मी जॅकवर घेतली, तर स्प्रिंग हाताने फिरत होती. तीच खोल खड्ड्यात बैठक सोडून सरकली असती तर?

मागे काही मिस्त्री एक पाटा काढून टाकतात. मला ते पटत नाही. चार माणसे आणि सामान बसले की गाडी मागे लोळते. पाट्यांची कमान जाणकाराकडून थोडी उतरवून घ्यावी, पाटे सगळे राहू द्यावेत.

आपली जमीनही लक्षात घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता एका वर्षात लाटांसारखा होतो. गतिरोधकासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे माप १० सेंटिमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी असे आहे. आपल्याकडचे कित्येक गतिरोधक उंच आणि अरुंद, जणू आडवी टाकलेली वळकटी. त्यावर खाली बसवलेल्या गाडीचा चेंबर घासतो, फुटतो आणि तेल गेलेले इंजिन काही मिनिटांत जाम होते.

कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. म्हणून आरटीओत विचारल्यावाचून पाना हातात घेऊ नये.

एवढे ऐकूनही हौस उरलीच, तर दोन इंच नको, एक इंच पुरे. स्प्रिंगा त्या मापाच्या नव्या करून घ्याव्यात, शॉकअप त्यांना साजेसे. गाडी उतरली की चाकाचा वरचा भाग आत कलतो आणि टायर आतल्या कडेने झिजतो, म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी. हेडलाइटचा झोत पुन्हा लावावा. मग चौघांना बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवावे. टायर मडगार्डला किंवा ब्रेकच्या पाइपला कुठे लागला, तर गाडी तशीच परत वर घ्यावी.