मोटारीच्या बैठकीला खाच पाडताना

ऐन वाळवणाच्या हंगामात आमच्या गटाच्या शेवया मशीनची मोटार जळाली. नवीन आणली, तर तिची भोकं जुन्या लोखंडी बैठकीला जुळेनात. गोल भोक पाडून भागत नाही. पट्टा ढिला पडला की मोटार मागे सरकवावी लागते, म्हणून लांबट खाच हवी. वर्कशॉपवाला चार दिवस थांबा म्हणाला. इकडे पिठाचे डबे रांगेत. शेवटी ड्रिल मशीन मागून आणलं.

सगळ्यांनी ग्राइंडर सुचवला. पण हिशेब बघा. त्याची चकती गोल, ४ इंची. ५ मिलिमीटर जाडीची पट्टी आरपार कापेपर्यंत वरच्या अंगाला ४५ मिलिमीटरची चीर पडून जाते. आम्हाला खाच हवी होती जेमतेम तेवढीच. म्हणजे खालून खाच पुरी होईपर्यंत वरून ती कितीतरी पुढे गेली असती. लांब खाचेला ग्राइंडर चालतो, आखूडला ड्रिलच बरं.

खाचेची दिशा पट्ट्याच्या ओढीची. रेघ मारून तिच्यावर ११-११ मिलिमीटरवर चार खुणा केल्या, पंचाने ठोकल्या. ठोकलं नाही तर ड्रिल घसरतं. आधी ४ मिलिमीटरचं बिट, मग १० चं. वेग कमी, वर तेलाचे थेंब. चार भोकांची ४३ मिलिमीटरची ओळ झाली. मधले पातळ पापुद्रे छिन्नीने तोडले आणि कडा कानशीने सरळ केल्या. कानस मारण्यातच जास्त वेळ गेला. चार खाचा म्हणजे दुपार गेलीच.

पट्टी हाताने धरू नका, शिकंजात आवळा. बिट आरपार निघताना अडकतं आणि पट्टी गरकन फिरते, बोटं कापते. पदर खोचलेला, बांगड्या आणि गळ्यातलं काढलेलं, केस बांधलेले, डोळ्यावर चष्मा. ड्रिलजवळ हातमोजे नकोत, ते गुंडाळले जातात. ग्राइंडर वापरलाच, तर त्याचं झाकण काढू नका, कापताना चकती तिरपी करू नका, आणि ठिणग्या कडब्याकडे जाऊ देऊ नका. बिट किंवा चकती बदलताना पिन आधी काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

बसवताना नटाखाली रुंद वायसर घाला, नाहीतर नट खाचेत रुततो. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच खाली जावा. आमचा गेला, आणि संध्याकाळी पहिला घाणा काढला.