लेखक स्वतःच प्रकाशक

प्रकाशकांनी नाकारलेले हस्तलिखित वाचकांनाही नकोसेच असणार, असा समज रूढ आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रेमकथालेखकांचा अनुभव निराळा आहे. ई. लिन हॅरिस हे पूर्वी संगणकविक्रीच्या नोकरीत होते. कृष्णवर्णीय तरुणाच्या द्विधा प्रेमाची ‘इन्व्हिजिबल लाइफ’ ही त्यांची कादंबरी प्रकाशकांनी नाकारली. १९९१ साली त्यांनी ती पदरमोड करून छापली आणि अटलांटातील स्त्रियांच्या केशभूषागृहांतून स्वतः विकली. १९९४ मध्ये प्रथितयश प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा काढली. वाचक होतेच, प्रकाशकांची दृष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. आज ई-पुस्तकामुळे छपाईचा खर्च टळतो. परंतु संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ व विक्री हा भार लेखकाच्याच शिरावर राहतो. तो पेलण्याची सिद्धता असेल, त्यानेच या वाटेस जावे.